बाईंना विचारा: मुका ‘बी’, बाराचा घोळ आणि समुद्रातलं बदक

आधी माफी मागते. गेल्या अंकात एका मुलीला उत्तर देताना मी ठोकून दिलं होतं, की ‘टिफिन’ हा अस्सल इंग्रजी शब्द आहे, जगात कुठेही बेधडक वापर. त्यावर मुलुंडच्या एका आजोबांचं पत्र आलंय. ते मुलाकडे लंडनला गेले होते. तिथे एका बेकरीत त्यांनी ‘टिफिन’ मागितला, तर काउंटरवरच्या बाईने चॉकलेट थापलेली बिस्किटाची वडी कागदात गुंडाळून हातावर ठेवली. आजोबा लिहितात, ‘खाल्ली. बरी होती. पण तुमच्यावरचा विश्वास उडाला.’

आजोबा, चूक माझीच. शब्द इंग्रजांचाच, पण आज त्यांच्या घरी तो डब्याच्या अर्थाने कुणाला कळत नाही. ‘टिफिंग’ म्हणजे घोट घोट पिणं, अशी त्यांची एक जुनी बोली होती. इथे आलेल्या साहेबांनी दुपारच्या हलक्या खाण्याला त्यावरून टिफिन म्हटलं. साहेब गेले, टिफिन राहिला. मद्रासकडे टिफिन म्हणजे इडली-डोसा, आपल्याकडे टिफिन म्हणजे स्टीलचा डबा, आणि विलायतेत ती तुम्ही खाल्लेली वडी. डब्याला तिकडे लंचबॉक्स म्हणतात आणि घरून बांधून नेलेल्या जेवणाला पॅक्ड लंच. खुद्द आपले डबेवाले 1890 पासून डबे पोचवताहेत, पण ‘टिफिनवाले’ म्हणून हाक मारली तर त्यांतला एकही मागे वळून बघणार नाही. मी त्यांच्याकडूनच शिकायला हवं होतं.

आता या महिन्याची पत्रं.

प्रश्न: बाई, मी 22 वर्षं घाटकोपरला नळाची कामं करतो. यंदा दुकानावर इंग्रजीत पाटी लावली, ‘प्लंबर’. मुलगी आठवीत, इंग्रजी माध्यमाला आहे. ती म्हणते, पप्पा, पाटी बरोबर आहे, पण तुम्ही बोलता ते चूक. त्यातला बी बोलायचा नाही, ‘प्लमर’ म्हणायचं. बोलायचाच नाही तर रंगाऱ्याने त्या अक्षराचे पैसे कशाचे घेतले?
(एक प्लंबर, घाटकोपर)

रंगाऱ्याने हक्काचे घेतले आणि मुलगीही खरं बोलते. बी पाटीवर हवा, तोंडात नको.

पण हा बी आला कुठून ते तुम्हाला तुमच्या मुलीपेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही तो हाताने चाचपलेला आहे. जुन्या इमारतींतली बिडाची पाइपलाइन तुम्ही उघडली असेलच. तिच्या सांध्यात ताग कोंबून वरून वितळवलेलं शिसं ओतलेलं असतं. त्या शिशाला लॅटिन भाषेत म्हणतात ‘प्लंबम’. रोमन लोक तर पाण्याच्या नळ्याच शिशाच्या करत. शिशाचं काम करणारा कारागीर तो ‘प्लंबारियस’, आणि त्याचा शेवटचा वारस म्हणजे घाटकोपरचे तुम्ही. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात शिशाची खूण ‘पीबी’ अशी दिलेली असेल. शिशाला इंग्रजीत ‘लेड’ म्हणतात, मग खूण पीबी का, असं तिला विचारा. बहुतेक गप्प बसेल. मग सांगा, की पहिला पी आणि माझ्या पाटीवरचा बी, दोन्ही प्लंबममधले. (शिसं अंगात गेलं तर विष आहे, म्हणून पिण्याच्या पाण्याचे नळ शिशाचे करणं जगाने सोडलं. नाव मात्र बदललं नाही.)

शब्द लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला, तोवर बोलणाऱ्यांची जीभ बी गाळून बसली होती. लिहिणाऱ्या पंडितांनी मात्र लॅटिनची आठवण म्हणून तो ठेवला. या पंडितांनी आणखीही उद्योग केले आहेत. कर्जाला इंग्रजीत ‘डेट’ म्हणतात, त्यातही मुका बी आहे. तो आधी नव्हताच, लॅटिनमध्ये आहे म्हणून मागाहून घुसवला. ‘रिसीट’मधला पी असाच. म्हणजे कर्ज काढा नाहीतर पावती घ्या, एक अक्षर फुकटचं वाहावंच लागतं.

शब्दाच्या शेवटी एम आणि बी शेजारी आले, की बी मुका, एवढं धरून चाला. अंगठा ‘थम’, कंगवा ‘कोम’, आणि आपण ज्याला बॉम्ब म्हणतो तो त्यांचा ‘बॉम’. माझ्या रात्रशाळेत एका मुलाने उभं राहून मोठ्याने वाचलं होतं, ‘आय हॅव अ कोंब इन माय पॉकेट.’ खिशात कोंब फुटलेल्या त्या पोराला वर्ग वर्षभर ‘मटकी’ म्हणत होता. तो आता कुर्ल्याला स्वतःचं सलून चालवतो.

आणखी एक. तुमच्या शेजारी काम करणाऱ्या गवंड्याचा ओळंबा असतो ना, दोरीला लोंबणारं वजन? त्याला इंग्रजीत ‘प्लम लाइन’ म्हणतात. लिहिताना तिथेही बी. वजन पूर्वी शिशाचं असायचं, म्हणून. बाकी तुमच्या पेटीतले शब्द लिहून घ्या: पाना म्हणजे स्पॅनर, अमेरिकन माणूस त्यालाच रेंच म्हणेल. नळ म्हणजे टॅप, अमेरिकेत फॉसेट. तुम्ही ज्याला वायसर म्हणता ते वॉशर. आणि एल्बो तुम्ही रोज बसवता, त्याचा अर्थ फक्त कोपर, हाताचं कोपर. वाकलेला तुकडा म्हणून ते नाव.

प्रश्न: मुलाला इंग्रजी वार शिकवत होते. संडे सूर्याचा, मंडे चंद्राचा, म्हणजे आपला रविवार, सोमवार, हे जुळलं. मग तो विचारतो, ट्यूसडे मंगळाचा कसा? त्यात मंगळ कुठाय? आणि आपण आणि इंग्रजांनी एकमेकांना विचारून वार लावले का? मी त्याला गप्प बसवलं, पण आता माझीच झोप उडालीय.
(एक गृहिणी, भांडुप)

तुमच्या मुलाला माझ्याकडून एक लिमलेटची गोळी. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात हा प्रश्न मला एकाही मुलाने विचारला नाही, आणि मीही आपणहून सांगितला नाही.

मंगळ आहे, फक्त वेशांतर करून बसलाय. रोमन लोकांचे वार आपल्यासारखेच ग्रहांवरून होते. उत्तर युरोपातल्या लोकांनी ते घेतले तेव्हा रोमन देव काढून त्या जागी आपापले देव बसवले. रोमनांचा मंगळ हा युद्धाचा देव, म्हणून तिथे यांचा लढाऊ देव ‘तीव’ आला, त्याचा ट्यूसडे. बुधाच्या जागी ‘वोडेन’, त्याचा वेन्सडे, आणि म्हणूनच त्या स्पेलिंगमध्ये तो न उच्चारायचा डी अडकलाय. गुरूच्या जागी विजा पाडणारा ‘थोर’, त्याचा थर्सडे. शुक्राच्या जागी वोडेनची बायको ‘फ्रिग’, तिचा फ्रायडे. सॅटर्न म्हणजे शनी, तो मात्र नाव न बदलता तसाच राहिला. शनीला हात लावायची हिंमत तिथेही कुणाला झाली नसावी.

आता दुसरं, जास्त मजेचं: मुळात क्रम असा का? रवीनंतर सोम, मग मंगळ. आकाशात तर ते या क्रमाने नाहीत. स्वयंपाकघरात बसल्या बसल्या करता येईल असं गणित आहे, मुलाला समोर बसवा.

जुन्या काळी सात ग्रह मानत, सूर्य-चंद्र धरून. त्यांची रांग लावायची ती सगळ्यात मंद चालणाऱ्यापासून सगळ्यात चपळापर्यंत: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. ही सात नावं सात वाट्यांवर चिकटवा आणि वाट्या ओळीने मांडा. दिवसाचे तास 24. प्रत्येक तासाचा एक ग्रह मालक, ओळीने, संपली रांग की पुन्हा पहिल्यापासून. ज्या ग्रहाकडे दिवसाचा पहिला तास, त्याच्या नावाचा तो वार. शनिवारचा पहिला तास शनीचा. तिथून मोजत चला. सात त्रिक एकवीस, तीन फेऱ्या झाल्या, तीन तास उरले: शनी, गुरू, मंगळ. 24 संपले. पुढचा तास, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, कुणाचा? रवीचा. झाला रविवार. रवीपासून तसंच मोजा, चंद्र येतो. चंद्रापासून मोजा, मंगळ. वाट्या खरंच मांडून बघा, नुसतं वाचून पटत नाही. मी स्वतः खात्री करायला मिसळणाच्या डब्यातल्या सात वाट्या काढल्या, आणि त्या दिवशी आमटीत मोहरीऐवजी मेथी गेली.

या तासाला आपल्याकडे ‘होरा’ म्हणतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर होऱ्याचं कोष्टक असतं, बघा. आणि इंग्रजीत तासाला काय म्हणतात? अवर. लिहिताना आधी एच. होरा आणि अवर हे दोन्ही एकाच ग्रीक शब्दाचे नातू आहेत. आपल्या जुन्या ज्योतिषांनी ‘अहोरात्र’ शब्दातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर काढलं की होरा उरतो अशी फोड सांगितली आहे. फोड देखणी आहे, पण भाषेचे अभ्यासक बोट ग्रीसकडेच दाखवतात. तेव्हा विचारून वार लावले का, तर एका अर्थी हो. आपण आणि ते एकाच विहिरीवर पाणी भरून आलो.

महिन्यांचंही त्याला आत्ताच सांगून टाका, नाहीतर पुढच्या आठवड्यात विचारेल. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हळू म्हणायला सांगा: सप्त, अष्ट, नव, दश. मग ते नववे, दहावे, अकरावे, बारावे का? रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू व्हायचं, आपल्या चैत्राच्या आसपास. जानेवारी, फेब्रुवारी वर्षाच्या तोंडाशी आले आणि बाकीचे दोन-दोन घरं खाली सरकले. जुलै पूर्वी पाचवा होता, नावही तसंच होतं. ते बदलून जुलियस सीझरचं दिलं. सहाव्याला ऑगस्टस बादशहाचं. नावं बदलण्याची हौस काही आजची नाही.

प्रश्न: मी कुलाब्याला हॉटेलात वेटर आहे. आमच्या मेनूवर ‘बॉम्बे डक फ्राय’ आहे. परवा एका पाहुण्याने विचारलं, हे बदक इथल्याच तलावातलं का? मी हो सर म्हणालो. नंतर लाज वाटली, कारण मी वर्सोव्याचा कोळी आहे.
(एक वेटर, वर्सोवा)

अरे, बोंबलाला बदक म्हणालास, आणि तेही वर्सोव्यात राहून! घरी आईला सांगू नकोस.

पुढच्या वेळी म्हण: ‘इट इज अ फिश, सर, नॉट अ डक.’ मग थांब. पाहुणा हसतो. हसल्यावर पुढचं वाक्य: ‘सॉफ्ट इनसाइड, क्रिस्प आउटसाइड.’ एवढं पुरे. व्याकरण बघायला पाहुणा आलेला नाही.

नावाची एक गोष्ट तुला हॉटेलात कुणीतरी सांगेलच: सुक्या बोंबलाच्या गोणी टपालगाडीने जायच्या, डब्यांना वास यायचा, म्हणून ‘बॉम्बे डाक’, त्याचं झालं डक. गोष्ट झकास आहे, पण खोटी. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सुटली 16 एप्रिल 1853 ला, आणि ‘बॉम्बे डक’ हे नाव इंग्रजी लिखाणात त्याच्याही आधीचं सापडतं. गाडीच नव्हती तर डाक कुठली? पाहुण्याला गोष्ट सांगायची तर सांग, पण शेवटी ‘पीपल से’ जोड. लोक म्हणतात. या दोन शब्दांनी माणूस खोटं न बोलता गोष्ट सांगू शकतो.

त्यापेक्षा तुझ्याकडे सांगण्यासारखं खरं पुष्कळ आहे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर टांगतात, उन्हा-वाऱ्यावर सुकवतात, हे तू लहानपणापासून बघितलंस. म्हण, ‘वी हँग देम इन पेअर्स, ऑन बांबू, इन द सन.’ पाहुणा काटा खाली ठेवून ऐकेल.

बाकी मासे: बांगडा मॅकरेल, कोळंबी प्रॉन आणि अमेरिकन माणसाला श्रिंप, चिंबोरी क्रॅब, माकूळ स्क्विड, तिसऱ्या क्लॅम. पापलेट आणि पॉम्फ्रेट यांचं मूळ एकच, पोर्तुगीज. रावसाला मेनूवर ‘इंडियन सॅमन’ लिहितात, पण तो सॅमनच्या कुळातला नाही, एवढं तुला माहीत असू दे. सॅमन म्हणताना एल गिळायचा.

प्रश्न: कांदिवलीला सोसायटीत वॉचमन आहे. रजिस्टरमध्ये दुपारी बाराला आलेल्या गाडीपुढे मी ‘12 एएम’ लिहिलं. सेक्रेटरी साहेब सगळ्यांदेखत ओरडले. बारा वाजता एएम की पीएम?
(एक सुरक्षारक्षक, कांदिवली)

सगळ्यांदेखत ओरडायचं कारण नव्हतं. भल्याभल्यांचा इथे घोळ होतो.

एएम, पीएम ही लॅटिन अक्षरं आहेत: मध्यान्हापूर्वी आणि मध्यान्हानंतर. आता भर दुपारचे बारा म्हणजे खुद्द मध्यान्ह. तो स्वतःच्या आधीही नसतो आणि नंतरही नसतो. म्हणजे तुमचा प्रश्न बुद्धीचा आहे. व्यवहारात मात्र ठरून गेलंय, की दुपारचे बारा पीएम आणि मध्यरात्रीचे बारा एएम. तुम्ही भानगडीतच पडू नका. दुपारी ‘12 नून’ लिहा, रात्री ‘12 मिडनाइट’. सेक्रेटरी साहेबांचं तोंड बंद.

मध्यरात्रीने मलाही एकदा रडवलंय. मे महिन्यात कोकणात जायचं होतं. तिकिटावर तारीख 12, वेळ 00.10. मी 12 तारखेला रात्रीची जेवणं उरकून, भाचरांसाठी घेतलेल्या खाऊच्या दोन पिशव्या सांभाळत अकरा वाजता दादरच्या फलाटावर हजर. टीसीने तिकीट उलटसुलट केलं आणि म्हणाला, ‘बाई, तुमची गाडी काल गेली.’ रात्रीचे बारा वाजले की तारीख बदलते, म्हणजे 11 च्या रात्री निघायला हवं होतं. आपल्या डोक्यात दिवस सूर्योदयाला बदलतो, रेल्वेच्या डोक्यात बाराला. खाऊ मीच आठवडाभर खाल्ला.

(मुंबईचं आणि घड्याळाचं भांडण तसं जुनं आहे. 1906 साली देशभर एक वेळ लागू झाली, पण मुंबईने आपली जुनी ‘बॉम्बे टाइम’ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. ती देशाच्या वेळेच्या 39 मिनिटं मागे होती. उशिरा पोचणाऱ्याला केवढी सोय!)

आता तुम्ही न विचारलेलं सांगते. रात्री अकराला कुणी गाडी घेऊन आत आलं, तर तुम्ही ‘गुड नाइट सर’ म्हणता का? बहुतेक म्हणत असाल, माझ्या सोसायटीतले दादाही म्हणतात. गुड नाइट हा निरोप आहे, ‘चला, झोपा आता’ असा. येणाऱ्याला रात्रीचे अकरा वाजले तरी ‘गुड इव्हनिंग’च म्हणायचं. आणि रात्रीचे तीन आपल्यासाठी रात्रच, इंग्रजीत मात्र ‘थ्री इन द मॉर्निंग’. त्यांची सकाळ अंधारातच सुरू होते.

प्रश्न: आई पवईला एका परदेशी कुटुंबाकडे स्वयंपाक करते. मॅडम फ्रिजवर यादी लावून जातात. परवा यादीत ‘ओबरजीन’ होतं. आई भाजीवाल्याकडे गेली, त्याने लाल ढोबळी मिरची दिली. आईला बोलणी बसली. असे शब्द कुठे शिकायचे?
(बारावीतली मुलगी, पवई)

ओबरजीन म्हणजे वांगं, बाळ. भाजीवाल्याला कळेना, त्याने सगळ्यात महाग दिसणारी वस्तू दिली.

गंमत अशी, की वांग्याला आपण इंग्रजीत जे ‘ब्रिंजल’ म्हणतो ते ब्रिटनमध्ये कुणी म्हणत नाही, तरी ते ओबरजीनचं सख्खं भावंड आहे. संस्कृतातलं वातिंगण फारसीत बादिंगान झालं, अरबीत बादिंजान. पोर्तुगीजांनी त्याचं बेरिंजेला केलं आणि तेच आपल्याकडे ब्रिंजल म्हणून परत आलं. दुसरी वाट फ्रान्सवरून गेली, तिचं ओबरजीन झालं. अमेरिकेत त्याला एगप्लांट, कारण ते नाव आधी पांढऱ्या, अंड्यासारख्या वांग्यांना पडलं होतं. भरल्या वांग्याची भाजी खाऊन हात चाटणाऱ्या मॅडमना आईने हे सांगितलं, तर पुढची यादी बहुधा आईला विचारून लिहिली जाईल.

फ्रिजवर यादीच्या शेजारी तू ही चिठ्ठी लाव. भेंडी: ओकरा (लेडीज फिंगर म्हटलं तर काही देशांत ते बिस्किट समजतात). ढोबळी मिरची: पेपर किंवा बेल पेपर. पातीचा कांदा: स्प्रिंग ओनियन. कोथिंबीर: कोरिअँडर, अमेरिकन असतील तर सिलांट्रो. बीट: बीटरूट. बेसन: ग्राम फ्लोर. आणि दही म्हणजे योगर्ट. कर्ड म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर दूध फाटून वेगळा झालेला चोथा येतो, आणि लेमन कर्ड तर पावाला लावायचा गोड लगदा असतो. दही म्हणून ते कढीत घातलं तर काय होईल, मला विचारच करवत नाही.

प्रश्न: अंधेरीच्या ऑफिसात परदेशी क्लायंटला मी ‘टू अँड हाफ लाख’ म्हणाले. पलीकडे शांतता.
(हिशेब विभागातली एक मुलगी, जोगेश्वरी)

लाख, कोटी सीमेबाहेर चालत नाहीत. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, म्हणजे आपला अब्ज. अडीच लाख हे ‘टू हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड’. स्वल्पविरामही हलतो: आपण 2,50,000 लिहितो, ते 250,000. मेलवर पाठवण्याआधी एकदा बोट ठेवून मोज. जुन्या ब्रिटिश कागदपत्रांत बिलियन दिसला तर सावध, 1974 च्या आधी तिथल्या सरकारी हिशेबात तो हजारपट मोठा होता. आणि अडीचला त्यांच्याकडे एक शब्द नाही, दीडलाही नाही, हे मनात ठेव. क्लायंट ओरडला की उपयोगी पडतं.

प्रश्न: काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान, सगळेच अंकल?
(दोन मुलांची आई, चेंबूर)

सगळेच. अगदीच अडलं तर मामाला ‘माय मदर्स ब्रदर’ म्हणा, ‘मॅटर्नल अंकल’ कोर्टात शोभतो. चुलतभावाला ‘कझिन’ म्हणा, कझिन ब्रदर आपल्या इंग्रजीत चालतो, बाहेर नाही. आणि रस्त्यात धक्का लागलेल्या अनोळखी माणसाला अंकल म्हणणं तिकडे चालत नाही. इकडेही काहींना ते आवडत नाही, वय बघून घ्या.

प्रश्न: मी लालबागचा. दादरला कपड्यांच्या दुकानात काम करतो. लहान मुलांचा तो खांद्यावर पट्टे असलेला ड्रेस असतो, त्याला ‘डंगरीज’ म्हणतात. आमचे आजोबा गिरणीत घालायचे त्यालाही घरात डांगरी म्हणतात. दोन्ही एकच का? इतक्या भारी ड्रेसला गिरणीचं नाव कसं?
(एक सेल्समन, लालबाग)

दोन्ही एकच, आणि नाव गिरणीचंही नाही, त्याहून जुनं आहे. दुकानातून बाहेर पड, सँडहर्स्ट रोडपर्यंत गाडीने जा, उतरून विचार. डोंगरी. तिथे विकलं जाणारं जाडंभरडं, स्वस्त सुती कापड ते ‘डोंगरी’. गोऱ्यांनी त्याचं ‘डंगरी’ केलं. कापड मळखाऊ आणि टिकाऊ, म्हणून खलाशी आणि मजूर त्याचे कपडे घालू लागले, आणि कापडाचं नाव कपड्याला चिकटलं. इंग्रजीच्या कुठल्याही मोठ्या कोशात बघ, डोंगरी तिथे आहे.

तुझ्या दुकानात असे बरेच आपले लोक इंग्रजी नाव लावून बसलेत. चिंट्झ म्हणजे आपलं चीट. बंडाना म्हणजे बांधणी. पायजमा तर बघता क्षणी ओळखू येतो. कॅलिको हे कालिकत बंदराचं कापड. खाकी फारसी ‘खाक’वरून, म्हणजे धुळीच्या रंगाची. कपड्यांबाहेरही आहेतच: खाटेची झाली कॉट, बंगल्याचा बंगलो, आणि मुंगूस तर मराठीतूनच उडी मारून तिकडे ‘मंगूस’ झालं. शॅम्पू हा चंपीतला ‘चांपो’. पाटण्याचे दीन महंमद यांनी ब्रायटनला स्नानगृह काढलं तेव्हा शॅम्पू म्हणजे मालीशच होती. केस धुण्याचा अर्थ पुढे आला.

आजोबांची डांगरी घरात कुठे ट्रंकेत असेल, तर एकदा दुकानात घेऊन जा. तिची शिवण आणि हँगरवरच्या त्या भारी ड्रेसची शिवण शेजारी ठेवून बघ. खांद्याचा पट्टा, छातीवरचा खिसा, बटण लावायची जागा. मग कुठली किती धुण्यांत टिकेल ते मला कळव, मला नातीसाठी एक घ्यायचीय.